विहिरीत शिकलेलं पोहणं, गोव्याचा समुद्र आणि मधले आठ महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३९, राहायला भांडुप, नोकरी बीकेसीत. टाटा मुंबई मॅरेथॉनची हाफ दोन तास दहा मिनिटांच्या आसपास पळता. पोहायला गावच्या विहिरीत शिकलात, पण तलावात फ्रीस्टाइल मारताना पन्नास मीटरनंतर दम लागतो. घरात हायब्रिड सायकल आहे. ऑफिसातल्या तिघांनी गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीला, नाव घातलंय आणि तुम्हालाही ओढतायत. मार्च ते ऑक्टोबर एवढ्यात जमेल का, मुंबईत सराव कुठे करायचा, आणि माझा अनुभव काय, हे तुम्हाला हवंय.

जमण्यासारखं आहे. पण ते जमणार की नाही हे पाण्यात ठरेल, धावण्यात नाही. तुम्ही तीन पानी प्रश्नात पोहण्यावर दोन ओळी लिहिल्यात आणि बुटांवर अर्धं पान, त्यावरूनच मला कळलं की उत्तर कुठून सुरू करायचं. मी स्वतः शिवाजी पार्कच्या तलावात वाढलेली, चाळिशीत अशा तिहेरी शर्यतींकडे, म्हणजे ट्रायथलॉनकडे, वळलेली, आणि आता नोकरी सांभाळून पहाटे काहीजणांना शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक तुमच्यासारखेच असतात: पाय तयार, फुप्फुसं तयार, आणि पाण्यात शिरल्यावर सगळं विसरलेले.

आधी हिशेब बघा. गोव्यातली शर्यत म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. सगळं मिळून ७०.३ मैल होतात, म्हणून नाव ७०.३. पोहण्याचा वाटा अंतरात दोन टक्केसुद्धा नाही. पण त्याला मुदत आहे १ तास १० मिनिटांची, आणि ती हुकली की तुमची सायकल रॅकवर तशीच टांगलेली राहते. १.९ किलोमीटरला ७० मिनिटं म्हणजे दर शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. तलावात तुम्ही सलग ३ मिनिटांत शंभर या वेगानं पोहू शकलात तर ५७ मिनिटांत अंतर संपतं. उरलेली तेरा मिनिटं समुद्र खातो, कारण तिथे तळाला काळी रेघ नसते आणि नवखा माणूस १.९ च्या जागी सव्वादोन किलोमीटर पोहून येतो. म्हणून तलावातलं लक्ष्य ३ मिनिटं ठेवा, ३.४० नको.

पुढचं गणित त्यामानानं सैल आहे. पोहून झाल्यावर ताशी २४ किलोमीटरनं सायकल मारली तर पावणेचार तास. तुमची दोन-दहाची हाफ तिथल्या उन्हात आणि ९० किलोमीटर सायकलनंतर पावणेतीन तासांची होईल असं धरा. कपडे-बूट बदलण्याची पंधरा मिनिटं. बेरीज पावणेआठच्या आसपास, आणि एकूण मुदत साडेआठ तासांची आहे. वयाची काळजी सोडाच. मिलिंद सोमण २०१५ मध्ये झुरिचला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण आयर्नमॅन करून आले, ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर.

आता विहीर. विहिरीत शिकलेल्या माणसाचं एक मोठं भांडवल असतं, खोल पाण्याला तो घाबरत नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरांना मला आधी पाय न टेकता उभं राहायला शिकवावं लागतं, ते तुमचं झालेलं आहे. अडचण दुसरी आहे. विहिरीत सगळे डोकं वर काढून पोहतात. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग ते वर ठेवायला तुम्ही जोरजोरात पाय मारता, आणि मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू पिऊन टाकतात. पन्नास मीटरला दम लागतो तो याचा. हाफ मॅरेथॉन पळणाऱ्याच्या छातीत ताकद कमी असणं शक्यच नाही.

दुसरं कारण श्वासाचं. नवखे लोक श्वास घ्यायला शिकतात, सोडायला शिकत नाहीत. तोंड पाण्याबाहेर आल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळ तिथे नसतो. चेहरा पाण्यात असताना नाकातोंडातून बुडबुडे सतत जात राहिले पाहिजेत, म्हणजे मान वळली की फक्त घ्यायचं काम उरतं. पहिले पंधरा दिवस एवढंच करा. भिंत धरून बुडबुडे, मग २५ मीटर, मग वीस सेकंद थांबा, पुन्हा २५. कंटाळा येईल. शेजारच्या लेनमध्ये दहा वर्षांची मुलगी तुम्हाला मागे टाकून जाईल. जाऊ द्या. श्वास बसला की २५ चे ५०, ५० चे १०० व्हायला फार वेळ लागत नाही, तिथून ४०० पर्यंत मात्र चिकाटी लागते.

तुम्हाला मुलुंडचं कालिदास नाट्यगृहाशेजारचं क्रीडा संकुल जवळ पडेल. पालिकेच्या तलावांत बॅच ठरलेल्या वेळेची असते, त्यातली निम्मी आंघोळीत आणि टोकाला लोंबकळणाऱ्यांना चुकवण्यात जाते, हे गृहीत धरा. शक्य असेल तर पहाटेची पहिली बॅच घ्या. आठच्या बॅचला पाण्यात माणसंच जास्त. तलावाची लांबी आधी विचारून घ्या, कारण २५ मीटरच्या तलावात दर वेळी भिंतीला ढकलून मिळणारा फुकट वेग घड्याळाला फसवतो. आठवड्यातून तीनदा पाण्यात उतरलंच पाहिजे. दोनदा उतरलं तर आहे तिथेच राहता येतं. एकदा उतरणाऱ्यानं फी वाचवावी.

समुद्राबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळे धडे फोनवरही मिळतात. गिरगाव किंवा जुहूला सराव करायचा मोह होईल. मी तसं सुचवणार नाही. पाणी घाणेरडं, पावसाळ्यात वर निळ्या जेलीफिशचा ताप. आणि पवई तलाव मनातही आणू नका, तिथे मगरी आहेत. आम्ही एप्रिल-मेमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाऊन अलिबागच्या बाजूला किनारा गाठतो. सोबत ओळखीचा गट, स्थानिक होडीवाला, आणि प्रत्येकाच्या कमरेला भडक नारिंगी फ्लोट, म्हणजे तरंगता फुगा. यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी फक्त वाळूत धावून परत या. जून लागला की समुद्र बंद. कोळीसुद्धा रीतीप्रमाणे नारळी पौर्णिमेआधी नाव लोटत नाहीत, तर आपण कोण लागून गेलो? मग सप्टेंबरअखेर, पाणी निवल्यावर, पुन्हा एक-दोन वेळा.

दिवस निवडताना आधी कॅलेंडरवरची तिथी बघा. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमारास. अष्टमी म्हणजे सहा. अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बारा, आणि तेव्हा उधाण. आपल्याला काय हवं? सकाळी सहा-सातला किनाऱ्याशी भरपूर पाणी आणि ओढ कमी. अष्टमीच्या आसपास सकाळची भरतीही त्याच वेळी येते आणि ती भांगाची असते, म्हणजे पाण्याची चढ-उतार लहान. अष्टमीच्या पुढेमागे येणारा रविवार मी सरावासाठी राखून ठेवते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करायचीच, आणि पोहायचं किनाऱ्याला समांतर, आत नाही.

समुद्रात पहिल्यांदा उतरलात की तीन गोष्टी एकदम होतील. स्वतःचा हात दिसणार नाही, इतकं पाणी गढूळ असतं. लाटेबरोबर खारट पाणी तोंडात जाईल. आणि थोड्या वेळानं मान वर काढाल तेव्हा कळेल की आपण किनाऱ्याकडेच वळलोय. तिसऱ्यावर उपाय म्हणजे दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याच्या वर काढून समोरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, बघायचा आणि त्याच ओघात मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. लाटेच्या माथ्यावर असताना बघा, खळग्यात असताना फक्त पाणी दिसतं. बोया छोटा असतो. त्याच्यामागची उंच इमारत किंवा टेकडी किनाऱ्यावरूनच हेरून ठेवा. युरोपातल्या व्हिडिओंत सगळे वेटसूट, म्हणजे अंगाला तरंगवणारा रबरी पोशाख, घालून तरंगताना दिसतात, ते विसरा. आपलं पाणी कोमट असतं, तिथे वेटसूट चालत नाही. पाय स्वतःच्या ताकदीवर वर ठेवायचे.

शर्यतीच्या सुरुवातीला आणखी एक भर पडते, माणसांची. दादरला सकाळच्या फास्टमध्ये चढताना लागतात तसे कोपर-गुडघे लागतात, फक्त इथे चेहरा पाण्यात असतो. कुणाचा तरी पाय गॉगलवर बसतो, श्वास उथळ होतो, आणि चांगला पोहणारासुद्धा दोन मिनिटं हबकतो. गोव्यात रांगेनं सोडतात आणि तुमची वेळ तुम्ही पट्टी ओलांडल्यापासून मोजतात, त्यामुळे पुढे घुसून काही मिळत नाही. मागे उभे राहा. उतरण्याआधी चेहरा पाण्यात घालून बुडबुडे सोडा. आणि हे नीट लक्षात ठेवा: कुठलाही स्ट्रोक चालतो, आणि मदतीची छोटी होडी (कयाक) धरून थांबलं तरी बाद होत नाही, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. श्वास फुलला तर सरळ तुमचा विहिरीतला ब्रेस्टस्ट्रोक मारा, डोकं वर, दहा-वीस हात. मी आजही पहिल्या बोयापर्यंत अधूनमधून तेच करते.

इथेच डॉक्टरांचा मुद्दा. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना संशोधकांनी गोळा केल्या. एकूण १३५, त्यातल्या ९० पोहताना घडलेल्या. बहुतेक पुरुष, बरेचसे चाळिशीच्या पुढचे. घाबरवत नाहीये, पण तलावाच्या फॉर्मसाठी ओळखीच्या डॉक्टरकडून सही आणणं आणि हृदयाची खरी तपासणी करून घेणं यात फरक आहे. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि पोहताना छातीत दाटलं, चक्कर आली, तर हात वर करून होडी बोलवा. शर्यत गेली तर जाऊ दे.

सायकलचं मुंबईत रड आहे, कारण जे रस्ते सायकलसाठी सरळ आणि गुळगुळीत आहेत तिथे सायकलला बंदी: सी लिंक, कोस्टल रोड, फ्रीवे, अटल सेतू. तुम्ही भांडुपकर त्यातल्या त्यात नशीबवान. रविवारी पाचला निघून ऐरोली पुलावरून पलीकडे उतरा आणि पाम बीच रोडला फेऱ्या मारा. आठनंतर तिथे गाड्या वाढतात, तेव्हा घरी. चढासाठी ठाण्याला येऊरचा रस्ता, छोटा पण इमानदार. गोव्याचा रस्ता चढ-उतारांचा आहे, फक्त सपाटीवर सराव केलेल्याच्या मांड्या तिथे भरून येतात. पावसात मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा आणि पाण्याखालचे खड्डे यांच्याशी खेळू नका. जुलै-ऑगस्टमध्ये होम ट्रेनर, म्हणजे घरात सायकल जागेवरच चालवायचा स्टँड, घ्या, पंखा समोर लावा आणि खाली जुनी चादर टाका.

तुमच्या हायब्रिडवर छोटी शर्यत आरामात होते. ९० किलोमीटरसाठी रोड बाईक, म्हणजे पातळ टायरची वेगवान सायकल, बरी, पण ती जुलैनंतर घ्या, तोवर पोहण्याचं चित्र स्पष्ट झालेलं असेल. विकत घ्याल ती दुकानदाराच्या नव्हे, तुमच्या मापाची. मागच्या चाकाची ट्यूब स्वतः बदलता आलीच पाहिजे, कारण बाहेरच्या कुणाची मदत घेतली की नियमभंग. हेल्मेटचा पट्टा सायकल रॅकवरून उचलण्याआधी लावायचा आणि सायकल परत टांगल्यावरच काढायचा. पुढच्या सायकलस्वाराच्या मागे चिकटून जायचं नाही; आयर्नमॅनच्या शर्यतीत १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं, मोडलं तर पाच मिनिटं उभं करतात. इअरफोन घरी.

माझा अनुभव विचारलात, तर मला समुद्रापेक्षा ट्रान्झिशनचं, म्हणजे दोन टप्प्यांमधल्या कपडे-बूट बदलण्याचं, जास्त आठवतं. पाण्यातून धडपडत बाहेर आलं की कान बंद, जीभ मिठानं जाड झालेली, आणि शेकडो सायकलींत आपली कुठली ते कळत नाही. पहिल्या शर्यतीत माझ्या शेजारच्या रॅकवर साताऱ्याकडचे एक शिक्षक होते. त्यांनी खाली घरचा जुना सुती पंचा अंथरला होता, बाजूला एक लिटरची पाण्याची बाटली, बुटांत आधीच पावडर शिंपडलेली, मोजे अर्धे गुंडाळून ठेवलेले. आले, बाटली पायांवर ओतली, पंच्यावर दोनदा पाय आपटले, मोजे सरकवले, गेले. आम्ही बाकीचे महागड्या टॉवेलनं बोटांतली वाळू काढत बसलो होतो. मोज्यात राहिलेले चार कण धावताना सातव्या-आठव्या किलोमीटरला फोड काढतात. तेव्हापासून माझ्याही पिशवीत पंचाच असतो. ही सगळी मांडणी सोसायटीच्या गच्चीवर ओल्या पायांनी करून बघा. शेजारी हसतील.

खाण्याबद्दल एक गैरसमज ऑफिसातल्या मंडळींकडून तुमच्याकडेही आलाय, तो काढून टाका. ओआरएस म्हणजे ताकद नव्हे. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साधारण साडेतेरा ग्रॅम, आणि सायकलवर तुम्हाला तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ओआरएस मिठासाठी घ्या, इंधन वेगळं ठेवा. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम, म्हणजे पावणेचार तासांना आठ केळी, जी कुणी खाऊ शकत नाही. म्हणून केळं, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि जेल (पुडीतला गोड घट्ट रस) असं मिसळून घेतात. चिक्की चांगली, पण चढावर चावताना श्वास अडकतो. नुसतं साधं पाणी ढोसू नका, घामावाटे मीठ गेलेलं असताना ते उलट त्रास देतं. पहाटे अडीच-तीन तास आधी पोहे, कमी तेलाचे, शेंगदाणे न घालता. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही पोटात जाता कामा नये. मुंबईचा ऑक्टोबर हा आयता प्रयोग आहे: दोन-तीन रविवारी मुद्दाम उशिरा, नऊ-साडेनऊच्या उन्हात सायकलवरून उतरून लगेच पाच किलोमीटर धावा आणि पोट काय म्हणतं ते बघा.

धावण्यावर जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत आणि तरीही घड्याळ वेगवान दाखवतं, तेव्हा मुद्दाम सावकाश. पेडर रोडचा चढ चालत चढलात तरी हाफ पूर्ण होते हे तुम्हाला ठाऊकच आहे.

घरचं राहिलं. हे सगळं आठवड्याला आठ ते दहा तासांत बसतं, पण ते तास तुमच्या झोपेतून किंवा घरच्यांच्या रविवारातून येतात. दोन्हीकडून थोडे थोडे घ्या आणि नाव भरण्याआधी घरी स्पष्ट बोला. रात्री अकराला बीकेसीहून येऊन पहाटे साडेचारला उठणारे आजारी पडतात, मी बघते ना. अशा आठवड्यात सायकल सोडा, धावणं सोडा, पोहणं सोडू नका.

माझं मत विचाराल तर आधी एक स्प्रिंट करा: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. मेआधी जवळपास कुठे मिळाली तर उत्तम. ऑफिसात तिला कुणी मान देणार नाही, पण ट्रान्झिशनची आणि घोळक्यातल्या पाण्याची सवय तिच्यातच होते. गोव्यात रिले संघही असतात, म्हणजे टप्पे आपसांत वाटून घेणारे. तुम्ही तिघांपैकी एखाद्याच्या साथीनं फक्त धावण्याचा भाग घेतलात तरी शर्यत आतून बघायला मिळेल. आणि घाई नसेल तर डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावर समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, लहान अंतराच्याही, तिथे फक्त पोहून या.

गोव्याचा निर्णय जुलैअखेर घ्या. तोवर तलावात भिंतीला न थांबता १५०० मीटर, पंचेचाळीस मिनिटांच्या आत, सलग दोन आठवडे जमत असेल तर स्वतंत्र नाव ठेवा. हजारावर अडलात तर रिले. नाव आधीच भरलं असेल तर आयोजकांचे बदलाचे नियम आणि शेवटची तारीख आजच वाचून ठेवा. पन्नास मीटरनंतरचा दम एप्रिलमध्येही तसाच राहिला तर कुणाकडून तरी मोबाइलवर बाजूनं आणि समोरून एक मिनिटाचं चित्रण करून पाठवा. डोकं कुठे आहे ते बघून सांगते.